एक मूळ, दोन रूपे: पतसंस्था प्रणालीच्या मार्गदर्शिकेच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ८ जानेवारी २०२४

शनिवारी संध्याकाळी आमची संगणक प्रणाली वापरणाऱ्या एका पतसंस्थेच्या शाखेतून आलेल्या दूरध्वनीची नोंद आधी करते, कारण हा प्रकल्प त्या दूरध्वनीमुळेच सुरू होत आहे. काउंटर सांभाळणाऱ्या ताई विचारत होत्या, "मॅडम, पुस्तकात लिहिलंय दिवसअखेर झाल्यावर बॅकअप घ्या, आणि संगणकावरची मदत सांगते आधी घ्या. आम्ही कुणाचं ऐकायचं?" दिवसअखेर ही प्रक्रिया त्या दिवसाची रोजकीर्द बंद करते, पिग्मी एजंटांनी (दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्यांनी) आणलेल्या रकमा खात्यांवर चढवते आणि प्रणालीची तारीख एका दिवसाने पुढे नेते. ती चालू असताना मध्येच वीज गेली, तर मागे येण्यासाठी आधी घेतलेला बॅकअपच उपयोगी पडतो. म्हणजे संगणकावरची मदत बरोबर होती आणि पुस्तक चुकीचे होते. ही सूचना सुमारे दीड वर्षापूर्वी बदलली. मदतीच्या पानावर ती मी स्वतः दुरुस्त केली होती, पण पुस्तकाच्या वर्ड फाइलमध्ये तीच दुरुस्ती करायची राहून गेली.

ताईंना योग्य क्रम सांगितला. मात्र ज्या शाखांनी विचारले नाही आणि पुस्तकावर विश्वास ठेवून काम केले, त्यांचा विचार दोन दिवस मनातून गेला नाही.

आजच्या बैठकीत मी मांडले की, छापील पुस्तक आणि ऑनलाइन मदत या दोन्हींचा मजकूर यापुढे एकाच ठिकाणी लिहिला जावा आणि दोन्ही रूपे त्या मुळातून यंत्राने तयार व्हावीत. पुस्तक बंद करून टाकावे, अशीही सूचना आली. ती मला मान्य नव्हती. बऱ्याच शाखांत काउंटरवर एकच संगणक असतो आणि त्यावर समोरच्या सभासदाचा व्यवहार उघडा असतो. मदत वाचायची तर तो व्यवहार अर्धवट सोडावा लागतो. शिवाय मी पाहिलेल्या प्रत्येक शाखेतील पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी आहेत, आणि नवीन लेखनिकाला त्या नोंदींसकटच पुस्तक दिले जाते. चर्चेनंतर पुस्तक कायम ठेवायचे ठरले. ३१ मार्चच्या वर्षअखेरीपूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ते शाखांत पोहोचले पाहिजे.

बुधवार, १० जानेवारी २०२४

दोन्ही मजकूर साध्या अक्षरांत उतरवून ओळीला ओळ लावून पाहिले. काही फरक सरळ चुका आहेत. काही ठिकाणी अर्थ तोच आहे, पण शब्द वेगळे आहेत: पुस्तकात "मुदतपूर्व ठेव परत करणे" आणि मदतीत "ठेव मुदतीआधी मोडणे". वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या सोयी वाटू शकतात.

तिसऱ्या प्रकारचे फरक मात्र मला जपून ठेवावेसे वाटतात, कारण ते असायलाच हवेत. पुस्तकातील सोनेतारण कर्जाचे प्रकरण मागचे प्रकरण वाचले आहे, असे धरून चालते. मदतीच्या पानावर वाचक शोध घेऊन थेट मधेच उतरतो, त्यामुळे तिथे "या आधी सभासदाची ओळखपत्रे नोंदवलेली असावीत आणि सराफाचा मूल्यांकन दाखला हाताशी असावा" असे पहिल्याच ओळीत सांगावे लागते. दोन्ही रूपे एकाच मुळातून काढायची म्हणून दोन्हीकडे शब्दन् शब्द सारखाच छापायचा, असा अर्थ घेतला तर दोघा वाचकांपैकी एकाची गैरसोय ठरलेली आहे. कोणती गोष्ट दोन्हीकडे कधीही वेगळी असता कामा नये आणि कोणती वेगळी असू द्यावी, याची यादी साधन निवडण्याआधी केली. क्रम, अटी, रकमा, बटणांची नावे आणि इशारे पहिल्या बाजूला गेले. प्रास्ताविके, संदर्भ देण्याची रीत आणि चित्रांचा आकार दुसऱ्या बाजूला.

सोमवार, १५ जानेवारी २०२४

साधनाची निवड आज झाली. ती करताना या कल्पनेचा इतिहास पुन्हा चाळला, कारण आपली अडचण नवी नाही, हे सहकाऱ्यांना दाखवायचे होते. युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. त्यानंतर लवकरच बेल लॅब्जमध्ये जो ओसाना यांनी ट्रॉफ हे अक्षरजुळणीचे साधन लिहिले, आणि तेव्हापासून तीच मूळ फाइल एनरॉफ या त्याच्या जोडसाधनातून टर्मिनलवर व ट्रॉफमधून फोटोटाइपसेटर या छपाईच्या यंत्रावर जाऊ लागली. ग्नू प्रकल्पाच्या टेक्सइन्फोमध्येही हाच विचार आहे: एका फाइलमधून पडद्यावर वाचण्याचे रूप निघते आणि डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या साधनातून छापील पुस्तक निघते. डॉकबुक या तांत्रिक मजकुराच्या स्वरूपाची सुरुवात १९९१ मध्ये झाली आणि १९९८ मध्ये एक्सएमएल ही मजकुराला खुणा लावण्याची भाषा आल्यावर ते त्यावर नेण्यात आले. आयबीएममध्ये तयार झालेले डिटा हे तसेच स्वरूप २००५ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाले.

डिटाचा मी गांभीर्याने विचार केला. एकच परिच्छेद अनेक पुस्तकांत वापरण्याची त्याची सोय फार चांगली आहे, पण ती ज्यांच्याकडे अनेक उत्पादने आणि अनेक लेखक आहेत त्यांच्या कामाची आहे. आमच्याकडे लिहिणारी मी एक, तपासणारे दोन प्रोग्रामर आणि एक जुने, अनुभवी शाखाधिकारी आहेत. शाखाधिकाऱ्यांना मूळ फाइल उघडून वाचता आली पाहिजे, ही माझी अट होती, आणि खुणांनी भरलेला एक्सएमएल मजकूर त्यांच्यापुढे ठेवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून स्फिंक्स हे दस्तऐवज तयार करणारे साधन निवडले. गेओर्ग ब्रांडल यांनी ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या दस्तऐवजांसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची मूळ फाइल साध्या मजकुरासारखी वाचता येते; त्यातून ब्राउझरसाठी एचटीएमएल, ई-पुस्तकासाठी ईपब आणि टेकवर आधारलेल्या लाटेकमार्गे पीडीएफ निघते; आणि परस्परसंदर्भ, पारिभाषिक शब्दसूची व निर्देशसूची या तिन्ही गोष्टी त्यात मुळापासून आहेत.

मंगळवार, २३ जानेवारी २०२४

आठ दिवस मजकूर नव्या रूपात आणण्यात गेले. फाइल बदलून देणारे साधन यातला यांत्रिक भाग काही मिनिटांत उरकते. उरलेला सगळा वेळ वाक्यांनी घेतला.

जुन्या मजकुरातील कितीतरी वाक्ये ती ज्या माध्यमात लिहिली गेली त्याला टेकून उभी आहेत. "येथे क्लिक करा" हे वाक्य कागदावर निरर्थक होते. "मागील पानावरील तक्ता पाहा" हे पडद्यावर निरर्थक होते, कारण तिथे मागील पान म्हणजे वाचक आधी जिथे होता ते कोणतेही पान. "लाल चौकटीतील माहिती भरणे सक्तीचे आहे" हे वाक्य आमच्या एकरंगी छपाईत वाचकाला फसवते: कागदावर ती चौकट करडी दिसते आणि तिच्या शेजारच्या चौकटीही करड्याच असतात. अशा प्रत्येक ठिकाणी वस्तूचे स्थान किंवा रंग न सांगता तिचे नाव सांगायचे, असा नियम केला. आता ते वाक्य "ज्या रकान्याच्या नावापुढे तारांकन आहे, तो भरल्याशिवाय व्हाउचर जतन होत नाही" असे झाले आहे आणि ते दोन्हीकडे खरे आहे. त्यासाठी प्रोग्रामरना पडद्यावर तारांकन घालायला सांगावे लागले. त्यांनी ते त्याच दिवशी घातले. रंग ओळखण्यात अडचण असलेल्या लेखनिकालाही याचा उपयोग होईल, हे त्यांच्यापैकीच एकाने लक्षात आणून दिले.

संदर्भांसाठी प्रत्येक विभागाला एक कायमची खूण दिली. मजकुरात फक्त खूण लिहायची. एचटीएमएल करताना तिचा दुवा होतो आणि छापील प्रत करताना "वर्षअखेर प्रक्रिया, पान १३२" असा उल्लेख होतो. पानाचा आकडा जोडण्याची सोय स्फिंक्समध्ये आहे, पण ती आपण होऊन चालू नसते. ती चालू केल्यावर छापील प्रतीत हाताने लिहिलेले सगळे पृष्ठांक काढून टाकले. गेल्या आवृत्तीत त्यांपैकी किती चुकले होते, ते मोजण्याचे धैर्य झाले नाही.

बुधवार, ३१ जानेवारी २०२४

बटणांची आणि पर्यायांची नावे आजपासून मी लिहीत नाही. प्रणालीच्या मराठी रूपाची जी भाषांतर फाइल आहे, तिच्यातून एक लहान पायथन आज्ञावली सर्व नावे उचलते आणि मार्गदर्शिकेसाठी प्रतिस्थापनांची यादी तयार करते. मजकुरात नावाऐवजी त्याची किल्ली असते. प्रणालीतील "मंजूर करा" हे बटण डिसेंबरमध्ये "मान्य करा" झाले होते आणि मला ते कुणी कळवले नव्हते. आज ते दोन्ही रूपांत आपोआप बदलले. एखादे बटण काढून टाकले गेले, तर मार्गदर्शिका तयारच होत नाही आणि कोणत्या ओळीवर अडले ते कळते. सूचना चुकीची छापली जाण्यापेक्षा काम अडणे परवडते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४

छापील रूपाची पहिली संपूर्ण प्रत निघाली. ऑनलाइन रूप गेले दोन आठवडे निर्दोष दिसत होते, त्यामुळे पीडीएफही तशीच असेल, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली.

पहिला दोष रिकाम्या चौकटींचा. खाते क्रमांकाचे नमुने आणि अहवालांची उदाहरणे समान रुंदीच्या अक्षरांत दाखवली होती आणि त्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच. ब्राउझरला अक्षर सापडले नाही की तो गाजावाजा न करता दुसऱ्या फाँटमधून आणतो. लाटेकच्या बाजूने पीडीएफ तयार करणारे झीटेक तसे करत नाही. ते लॉगमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदवहीत, एक ओळ लिहिते आणि पुढे जाते. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच झाले. ते चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकात आले. त्याआधीच्या फाँटमध्ये ते असण्याचा प्रश्नच येत नाही. ठेवींच्या तक्त्यात चिन्हाच्या जागी पोकळी उरली होती. फाँट बदलले, आणि लॉगमध्ये न सापडलेल्या अक्षराची एक जरी ओळ आली, तरी प्रत बाद ठरवणारी तपासणी जोडली.

दुसरा दोष शाखाधिकाऱ्यांनी दाखवला. पहिलेच पान पाहून ते म्हणाले, "हा ल आणि हा श आपला नाही." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत आणि राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही ती स्पष्ट केली आहेत. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे फाँटला सांगावे लागते. एचटीएमएलमध्ये भाषेची खूण लावलेली होती, म्हणून पडद्यावर वळणे बरोबर होती. लाटेकच्या मांडणीत फाँट घेताना भाषा सांगायची राहिली होती. मूळ एक असूनही हा दोष आला, कारण मजकुराची भाषा ही माहिती मी मुळात न ठेवता दोन मांडण्यांत दोनदा लिहिली होती. आता ती मांडणीच्या सामाईक फाइलमध्ये एकदाच आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४

आजचा दिवस पडद्याच्या चित्रांचा होता. संपूर्ण पडद्याचे चित्र १३६६ बिंदू रुंद असते. आमच्या ए५ आकाराच्या पानावर समास सोडून ११२ मिलिमीटर जागा उरते, म्हणजे इंचाला सुमारे ३१० बिंदू होतात आणि छपाईच्या दृष्टीने चित्र पुरेसे स्पष्ट ठरते. वाचण्याच्या दृष्टीने मात्र ते निरुपयोगी आहे. लॅपटॉपच्या साधारण ३१० मिलिमीटर रुंद पडद्यावरील १० पॉइंटचे अक्षर या आकारात चार पॉइंटच्याही खाली जाते, आणि काउंटरच्या उजेडात ते पन्नाशीच्या लेखनिकाला दिसणार नाही.

म्हणून संपूर्ण पडद्याची चित्रे काढून टाकली आणि ज्या भागाविषयी मजकूर बोलतो, तेवढाच कापून ठेवला. यामुळे ऑनलाइन मदतही सुधारली, कारण मोबाइलवर मदत वाचणाऱ्याची अडचण तीच आहे. व्यवहाराचा प्रवाह दाखवणाऱ्या आकृत्या एकदाच रेखाटून त्यांची दोन रूपे काढली. फाइलच्या नावात प्रकाराच्या जागी तारांकन लिहिले की स्फिंक्स एचटीएमएलसाठी एसव्हीजी आणि छपाईसाठी पीडीएफ स्वतःच निवडते.

बुधवार, १४ फेब्रुवारी २०२४

स्फिंक्समध्ये मजकुराचा एखादा तुकडा फक्त एका रूपात यावा, अशी सोय आहे. ती वापरायला सुरुवात केल्यावर सवय लागते, हे चार दिवसांत लक्षात आले. कुठेही दोन रूपांची ओढाताण झाली की दोन परिच्छेद लिहायचे आणि दोन्हींवर अट घालायची. आज मोजले तेव्हा असे ४३ तुकडे झाले होते. म्हणजे एकाच फाइलमध्ये मी पुन्हा दोन पुस्तके लिहू लागले होते, आणि ८ जानेवारीला ज्या चुकीने सुरुवात झाली तीच चूक आता अधिक जवळून, शेजारच्या ओळीवर होऊ शकत होती.

दिवसभर बसून प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारला: यात प्रक्रियेविषयी काही विधान आहे का? असेल, तर अट काढून टाकायची आणि वाक्य दोन्हीकडे चालेल असे पुन्हा लिहायचे. संध्याकाळी नऊ तुकडे उरले. त्यांत मुखपृष्ठामागची माहिती, शोध कसा घ्यावा याचा परिच्छेद, समासात नोंदी करण्यासाठी सोडलेली पाने आणि प्रकरणाच्या आरंभीची काही प्रास्ताविके आहेत. सूचनांचा एकही नाही.

अटीच्या आत संदर्भाची खूण ठेवू नये, हेही आज कळले. खूण सर्व रूपांसाठी नोंदली जाते, पण तिचा मजकूर एकाच रूपात येतो, त्यामुळे छापील प्रतीत एका ठिकाणी "पान??" असे आले आणि स्फिंक्सने त्याविषयी काहीच तक्रार केली नाही. लाटेकच्या लॉगमध्ये ती होती. हा लॉग वाचण्याचे काम आता माणसावर सोडलेले नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४

निर्देशसूचीने चार दिवस घेतले आणि तितके दिवस द्यावेत, असेच ते काम आहे. पुस्तकात शोधाची पेटी नसते. छापील वाचकासाठी निर्देशसूची हाच शोध असतो.

संगणकाचा स्वाभाविक क्रम युनिकोडमधील स्थानानुसार लागतो. तिथे ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. परिणामी "सरळ व्याज" ही नोंद "सरव्यवस्थापकांची मंजुरी" या नोंदीच्या आधी आली, आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणारा वाचक ती नोंद नाही असे समजून पुस्तक मिटेल. "क्षेत्रीय कार्यालय" तर क च्या गटात, शेवटी जाऊन बसले होते. मराठी वाचक ते ळ नंतर, क्ष च्या गटात शोधणार. अनुस्वाराचे स्थान निरनिराळ्या कोशांत निरनिराळे आढळते. त्यातले एक निवडून ते निर्देशसूचीच्या आरंभी लिहून ठेवले.

खरी अडचण याहून खोल होती. ऑनलाइन निर्देशसूचीचा क्रम स्फिंक्स स्वतः लावते आणि छापील निर्देशसूचीचा क्रम लाटेकच्या बाजूचे वेगळे साधन लावते. मूळ एक, पण क्रम लावणारे दोघे. एकाला मराठी क्रम शिकवून दुसऱ्याला तो पुन्हा वेगळ्या भाषेत शिकवणे म्हणजे तीच माहिती दोनदा लिहिणे, आणि ते मी ६ फेब्रुवारीला भोगले आहे. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी मराठी वर्णक्रमानुसार एक क्रमकिल्ली तयार करणारे लहान मॉड्यूल लिहिले. किल्ली एकदाच निघते आणि दोन्ही साधनांना तीच दिली जाते. त्यांनी फक्त किल्ल्यांची तुलना करायची. दोन्ही याद्या उतरवून एकमेकींशी जुळतात का, हेही आता प्रत्येक वेळी तपासले जाते.

निर्देशसूचीत कोणते शब्द असावेत, हे मात्र कोणतेही मॉड्यूल सांगू शकत नाही. शाखाधिकाऱ्यांनी अर्धा तास बसून मला सांगितले की, लोक "चाचणी ताळेबंद" शोधणार नाहीत, ते "तेरीज" शोधतील. "दैनंदिन ठेव" शोधणार नाहीत, "पिग्मी" शोधतील. मी दोन्ही नोंदी ठेवल्या. या अर्ध्या तासाचे मोल मला संपूर्ण महिन्याच्या तांत्रिक कामापेक्षा कमी वाटत नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी २०२४

मुद्रणालयात गेले. पीडीएफ १७९ पानांची झाली होती. मुद्रणालयाचे मालक म्हणाले, "ताई, फर्मा सोळा पानांचा. एकशे शहात्तरमध्ये बसवा, नाहीतर अर्ध्या फर्म्याचे पैसे आणि कागद." फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने. ऑनलाइन मदतीला असले काही बंधन नसते, त्यामुळे मी हा विचार केलाच नव्हता. तीन पाने कमी करण्यासाठी मजकूर कापण्याची कल्पना मला आवडली नाही, कारण छापील प्रतीसाठी कापलेला मजकूर ऑनलाइन रूपातूनही जातो. मजकुराला हात न लावता छापील मांडणीत बदल केले: तक्त्यांमधील ओळींचे अंतर थोडे कमी केले आणि प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करण्याचा आग्रह सोडला. १७६ पाने झाली, म्हणजे बरोबर ११ फर्मे. जागा कमी पडली की मांडणी बदलावी आणि अर्थ बदलला की मजकूर, हा भेद मूळ वेगळे ठेवल्यामुळेच पाळता आला.

बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४

कागदावरचे प्रूफ वाचले. पडद्यावर चार वेळा वाचूनही न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात. या वेळी १७ सापडल्या आणि त्यांतल्या दोन आशयाच्या होत्या. एका ठिकाणी मुदत ठेवीच्या नूतनीकरणाची पायरीच गळाली होती.

चुकांची यादी घेऊन गेले, तेव्हा मुद्रणालयातील ऑपरेटरने मदतीच्या भावनेने सांगितले, "मॅडम, एवढंच ना? इथंच पीडीएफमध्ये करून टाकतो, दहा मिनिटांचं काम." त्यांच्या दृष्टीने हे सौजन्य होते आणि एरवी मी आभार मानून हो म्हटले असते. पण मुद्रणालयात दुरुस्त केलेले पुस्तक आणि दुरुस्त न झालेले मूळ, एवढ्यानेच दोन मजकूर पुन्हा वेगळे झाले असते, आणि पुढच्या आवृत्तीत त्याच १७ चुका परत आल्या असत्या. मी त्यांना कारण समजावून सांगितले आणि घरी येऊन रात्री मूळ फाइलमध्ये दुरुस्त्या केल्या. नवी पीडीएफ सकाळी दिली. ऑनलाइन मदतीतही त्या दुरुस्त्या रात्रीच पोहोचल्या होत्या.

सोमवार, ४ मार्च २०२४

पुस्तके आली. बांधणी चांगली आहे, पान उघडे ठेवले तर मिटत नाही; काउंटरवर हे महत्त्वाचे आहे.

छापून झाल्यावर काही गोष्टी कायमच्या झाल्या, याची नोंद येथे करून ठेवते. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्याच्या ऑनलाइन पानाचा क्यूआर कोड आहे. याचा अर्थ असा की त्या पानांचे पत्ते आता बदलता येणार नाहीत. प्रकरणाचे शीर्षक बदलले, तरी फाइलचे नाव तेच राहील. जी फाइल काढावीच लागेल, तिच्या जागी नव्या पानाकडे नेणारे पान ठेवायचे. मुखपृष्ठामागे प्रणालीची आवृत्ती, मजकुराची तारीख आणि मूळ फाइलींच्या भांडारातील त्या वेळच्या मजकुराच्या खुणेचा क्रमांक छापला आहे. कोणी शाखेतून दूरध्वनी केला, तर पहिला प्रश्न त्या क्रमांकाचा विचारायचा आणि नेमका तोच मजकूर आपल्यापुढे उघडायचा.

मंगळवार, १२ मार्च २०२४

छापील पुस्तकात चूक सापडली. वर्षअखेर प्रकरणात, तरतुदीच्या नोंदी करण्याआधी सर्व कर्जखात्यांचे व्याज आकारून घ्यावे, ही अट पाचव्या पायरीत आहे. ती तिसरीच्या आधी हवी. चूक प्रोग्रामरच्या तपासणीतून आणि माझ्याही नजरेतून निसटली.

मूळ दुरुस्त केले आणि ऑनलाइन मदत पाच मिनिटांत बदलली. पुस्तक शाखांत पोहोचलेले आहे, म्हणून शुद्धिपत्र काढणे भाग होते. शुद्धिपत्रही हाताने लिहिलेले नाही: छपाईच्या वेळची खूण आणि आजचे मूळ यांतील फरक काढून, ज्या विभागांत प्रक्रियेचा मजकूर बदलला आहे, तेवढे विभाग जुन्या पृष्ठांकासह एका पानावर उतरवणारी आज्ञावली लिहिली. पानाच्या आकाराचे, चिकटवता येईल असे ते पत्र शाखांना पाठवले आणि सोबत प्रत्येक शाखाधिकाऱ्याला दूरध्वनी केला, कारण चिकटवण्यासाठी आलेला कागद ड्रॉवरमध्ये पडून राहू शकतो आणि वर्षअखेर एकदाच येते.

बुधवार, ३ एप्रिल २०२४

वर्षअखेर पार पडली. आज त्याच शाखेत गेले होते, जिथून जानेवारीत दूरध्वनी आला होता. पुस्तक काउंटरवर, तिजोरीच्या चाव्यांच्या खुंटीखाली ठेवलेले होते. शुद्धिपत्र पान १३४ वर नीट चिकटवलेले होते आणि त्याच्या शेजारी ताईंनी पेन्सिलीने "स्क्रीनवर पण हेच" असे लिहिले होते.

त्यांनी दोन मागण्या केल्या. दिवसअखेरीच्या पायऱ्या एका पानावर, भिंतीला लावता येतील अशा हव्यात. आणि पिग्मी एजंटांना मोबाइलवर वाचता येईल असा त्यांच्यापुरता भाग वेगळा हवा. दोन्हींचा मजकूर मुळात आहेच. भित्तिपत्रकासाठी पायऱ्यांचा विभाग स्वतंत्र फाइलमध्ये काढून पुस्तकाने आणि भित्तिपत्रकाने तोच समाविष्ट करावा लागेल. एजंटांचा भाग ईपबमधून निघेल, पण त्यातील तक्ते चार स्तंभांचे आहेत आणि ते लहान पडद्यावर बसणार नाहीत. सोमवारी तक्त्यांपासून सुरुवात करायची आहे.